अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न

जठराचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला, दुर्बिणीतूनच काढून टाकला, पोटावर एक टाकाही पडला नाही आणि रुग्ण आठवडाभरात घरी परतला, की प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच मिटलेले असते. काहींना मात्र काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर पुन्हा बोलावतात आणि आता जठराची मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगतात. फार थोड्यांच्या बाबतीत काही वर्षांनी लसिकाग्रंथींत किंवा यकृतात तोच कॅन्सर सापडतो. जठरातली जखम केव्हाच भरलेली असते, तिथे रोगाचा मागमूसही नसतो, तरी रोग दुसरीकडे निघतो. दुर्बिणीच्या उपचारांची सगळी गुंतागुंत या शेवटच्या शक्यतेभोवती आहे, कारण ही शक्यता उपचाराच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. तिचा अंदाजच बांधावा लागतो.

जठराच्या भिंतीला आतून बाहेर असे थर असतात. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, सुमारे एक मिलिमीटर जाडीचे. त्याच्या तळाशी स्नायूची एक अतिशय पातळ पट्टी. तिच्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांचे जाळे असलेला मऊ थर, म्हणजे अधःश्लेष्मल थर (सबम्युकोसा). त्याबाहेर अन्न घुसळणारे जाड स्नायू आणि सर्वांत शेवटी बाहेरचे आवरण. कॅन्सर सुरू होतो तो आतल्या अस्तरात. तो अस्तरात किंवा त्याखालच्या मऊ थरात आहे, जाड स्नायूपर्यंत पोचलेला नाही, तोवर त्याला ‘प्राथमिक जठर कॅन्सर’ म्हणतात. ही व्याख्या जपानच्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने 1962 मध्ये ठरवली आणि पुढे जगाने स्वीकारली. तिच्यात एक मेख आहे, ती सहसा रुग्णाला कोणी सांगत नाही. कॅन्सर प्राथमिक आहे की नाही हे फक्त खोलीवरून ठरते. लसिकाग्रंथींपर्यंत तो गेला आहे की नाही, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. म्हणजे ‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ ‘न पसरलेला’ असा होत नाही.

अशा कॅन्सरवरचा जुना उपचार शस्त्रक्रियेचा होता: जठराचा दोन-तृतीयांश भाग किंवा पूर्ण जठर काढायचे आणि भोवतीच्या लसिकाग्रंथीही काढायच्या. रोग बरा होई, पण किंमत मोठी. एका वेळी थोडेसेच खाता येते, वजन उतरते, जेवल्यावर घाम आणि धडधड सुरू होते, जठर पूर्ण काढले असेल तर ब-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. नखाएवढ्या डागासाठी एवढे करायचे का, हा प्रश्न जपानमध्ये सर्वांत आधी पडला. तिथे जठराचा कॅन्सर पूर्वापार फार, आणि 1960 च्या दशकापासून सामूहिक तपासण्या सुरू झाल्याने छोटे डाग मोठ्या संख्येने सापडू लागले होते. 1980 च्या दशकात डागाखाली सलाइन टोचून तो फुगवायचा आणि तारेच्या फासात धरून कापायचा, ही पद्धत रुळली. फासात मावेल तेवढाच तुकडा एका वेळी निघे. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा डाग तुकड्यातुकड्यांनी काढावा लागे, मग कडेला काहीतरी राहून जाई आणि त्याच जागी कॅन्सर पुन्हा उगवे.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून जाणारी एक विद्युत सुरी वापरात आणली. तिच्या टोकाला चिनी मातीसारख्या पदार्थाचा इवलासा गोळा असतो. त्यातून वीज जात नाही, त्यामुळे कापताना टोक भिंतीत घुसून भोक पडण्याची भीती कमी होते. या सुरीने जी पद्धत शक्य झाली तिला ‘एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन’, थोडक्यात ईएसडी म्हणतात. डागाच्या कडेपासून काही मिलिमीटर अंतर ठेवून आधी भोवताली ठिपके डागले जातात. मग निळा रंग मिसळलेला द्रव खालच्या मऊ थरात टोचून अस्तर वर उचलले जाते. ठिपक्यांच्या बाहेरून गोल काप घेतला जातो आणि शेवटी, सुरी आडवी चालवत, त्या निळ्या थरातून सगळा तुकडा सोलून काढला जातो. पाच सेंटिमीटरचा डागही असा एकसंध निघतो. सोलताना वेळ लागतो, अधूनमधून रक्त येते, ते जागच्या जागी थांबवावे लागते. मागे राहिलेला व्रण आम्ल कमी करणाऱ्या औषधांवर साधारण दोन महिन्यांत भरतो. जपानने 2006 मध्ये जठराच्या ईएसडीला सरकारी आरोग्य विम्यात घेतले आणि तिथे ती नेहमीची शस्त्रक्रिया झाली. कोरियाही फार मागे राहिला नाही.

ईएसडीने जठराचा आकार तसाच राहतो, जेवण पूर्ववत होते. पण या पद्धतीत लसिकाग्रंथी निघत नाहीत. दुर्बीण जठराच्या आत असते आणि ग्रंथी भिंतीच्या बाहेर, रक्तवाहिन्यांच्या कडेने, चरबीत असतात. जठर काढणाऱ्या शल्यचिकित्सकाला त्या हाताशी सापडतात. दुर्बिणीच्या डॉक्टरला त्या दिसतही नाहीत. तेव्हा ईएसडी करणे म्हणजे ग्रंथींत काही नाही असे गृहीत धरणे आहे.

हे गृहीतक कितपत पक्के, हे भिंतीच्या रचनेवर अवलंबून असते. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लसिकावाहिन्या फारशा नसतात. त्यामुळे तिथला कॅन्सर अस्तरातच असेल तर तो ग्रंथींत जाण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. जठराचे तसे नाही. इथे लसिकावाहिन्यांची टोके अस्तराच्या तळापर्यंत आलेली असतात. म्हणून अस्तरापुरता मर्यादित असलेला कॅन्सरही क्वचित बाहेर निसटू शकतो. आणि एकदा तो खालच्या मऊ थरात उतरला की तिथे वाहिन्यांचे जाळेच असते. खोली थोडी वाढली की धोका एकदम वाढतो, त्यामागे हे कारण आहे.

धोका नेमका किती, हे सांगणारी माहिती एका वेगळ्याच ठिकाणी पडून होती. दुर्बिणीचे उपचार येण्याआधी ज्या हजारो रुग्णांची जठरे ग्रंथींसह काढली गेली, त्या सर्वांच्या ग्रंथी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या होत्या. टोकियोतल्या दोन मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतल्या अशा 5265 रुग्णांच्या नोंदी गोतोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र केल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध केल्या. कॅन्सर अस्तरापुरता होता त्या 3016 रुग्णांपैकी 2.2 टक्क्यांच्या ग्रंथींत तो पोचला होता. मऊ थरात उतरला होता त्या 2249 जणांत हे प्रमाण 17.9 टक्के होते. एवढ्यावरूनही अंदाज येतो, पण खरी उपयोगाची गोष्ट पुढे आहे. संशोधकांनी या आकड्यांची फोड केली आणि ज्यांत एकाच्याही ग्रंथीत कॅन्सर नव्हता असे गट शोधले. पेशींची रचना अजून बरीचशी अस्तरातल्या मूळ रस स्रवणाऱ्या ग्रंथींसारखी आहे (अशा कॅन्सरला ‘विभेदित’ म्हणतात), कॅन्सर अस्तरातच आहे आणि आकार तीन सेंटिमीटरपर्यंत आहे, असे 1230 रुग्ण होते. त्यांच्यात शून्य. विभेदित, अस्तरापुरता आणि व्रण नसलेला कॅन्सर, आकार कितीही असो, अशा 929 जणांत शून्य. मऊ थरात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी शिरलेला, विभेदित, तीन सेंटिमीटरपर्यंतचा, आणि रक्त वा लसिकावाहिनीत न शिरलेला, अशा 145 जणांत शून्य.

ही तीन शून्ये सारखी दिसतात, पण सारख्या वजनाची नाहीत. 1230 जणांत एकही सापडला नाही, याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. धोका फार तर 0.3 टक्के असावा, एवढेच 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 929 च्या गटात ही वरची मर्यादा 0.4 टक्के येते. 145 च्या गटात मात्र ती 2.5 टक्क्यांवर जाते, कारण नमुनाच लहान. म्हणजे तिसऱ्या गटातल्या चाळीस जणांत एकाला फैलाव असेल, तरीही ही आकडेवारी खोटी ठरणार नाही. ‘या प्रकारात फैलाव होत नाही’ असे वाक्य सल्लागाराच्या खोलीत सहज बोलले जाते. त्यातले कोणते शून्य 1230 चे आणि कोणते 145 चे, हे विचारायला हरकत नसावी.

पेशी विस्कळित, एकेकट्या विखुरलेल्या असतील तर त्या कॅन्सरला अविभेदित म्हणतात. अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा प्रकार यातलाच. हा जास्त पसरतो, म्हणून त्याला दुर्बिणीच्या उपचारांपासून बराच काळ दूर ठेवले गेले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याच दोन रुग्णालयांतल्या अविभेदित कॅन्सरच्या 3843 रुग्णांतून एक छोटा गट वेगळा निघाला: अस्तरापुरता, दोन सेंटिमीटरपर्यंतचा, व्रण नसलेला, वाहिन्यांत न शिरलेला. असे 310 रुग्ण आणि ग्रंथींत फैलाव पुन्हा शून्य. वरची मर्यादा 0.96 टक्के. जपानच्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाठपुराव्यात या प्रकारावर ईएसडी केलेल्यांपैकी 99.3 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. त्यानंतरच मार्गदर्शक सूचनांत हा गट शस्त्रक्रियेच्या रकान्यातून दुर्बिणीच्या रकान्यात आला.

विभेदित कॅन्सरसाठी असाच एक बहुकेंद्री अभ्यास झाला. त्यात 470 रुग्ण होते आणि पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण 97 टक्के भरले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मागे राहतो: 470 पैकी 317 जणांचाच तुकडा तपासणीनंतर ‘पूर्ण बरा’ या निकषांत बसला. उरलेल्यांपैकी 131 जणांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. उपचाराआधी सगळेच निकषांत बसणारे वाटले होते. दुर्बीण, तिच्यातला अल्ट्रासाउंड, सीटी स्कॅन हे सगळे हाताशी असूनही खोलीचा अंदाज चुकतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक बाहेरून पाहून सांगणे अवघडच आहे. सीटीत ग्रंथी दिसते ती सुजून मोठी झाल्यावर. तिच्यात कॅन्सरच्या मोजक्या पेशी बसल्या असतील तर ती अगदी नेहमीसारखी दिसते. म्हणून ईएसडीला उपचार म्हणतात तितकेच खरे तर ती निदानाची शेवटची पायरी आहे, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

निर्णय पॅथॉलॉजीच्या टेबलावर होतो. काढलेला तुकडा ओला असतानाच आकसू लागतो, म्हणून तो लगेच रबर किंवा बुचाच्या पाटीवर पसरून कडेने बारीक टाचण्यांनी ताणून बसवला जातो. जठराच्या कोणत्या बाजूला कोणती कड होती याची खूण केली जाते आणि पाटीसकट तो फॉर्मॅलिनमध्ये उलटा बुडवला जातो. हे काम घाईत झाले, टाचण्या सैल बसल्या, कड गुंडाळली गेली, तर पुढे कडेपर्यंत कॅन्सर होता की नव्हता हे कोणीच सांगू शकत नाही. मग तुकड्याच्या दोन-दोन मिलिमीटर रुंदीच्या समांतर पट्ट्या कापतात आणि प्रत्येक पट्टीचा पातळ काप काचेवर घेतात. तीन सेंटिमीटरच्या डागासाठी पंधरा-वीस काचा सहज होतात. पॅथॉलॉजिस्ट त्या एकामागून एक पाहतो आणि कॅन्सर सर्वांत खोल गेलेली जागा शोधतो. स्नायूच्या पातळ पट्टीच्या खालच्या कडेपासून तिथपर्यंतचे अंतर मोजले जाते. 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही सीमा. एखाद्या जागी जुन्या व्रणाने ती पट्टीच खाऊन टाकलेली असते. मग मोजायचे कुठून, हाच प्रश्न पडतो आणि विशेष रंग वापरून पट्टीचे उरलेले धागे शोधावे लागतात. लसिकावाहिनीत कॅन्सरच्या पेशी शिरल्या आहेत का, हे साध्या रंगात फसवे दिसते. काप तयार करताना आकसलेल्या पेशींभोवतीची पोकळीही वाहिनीसारखी भासते. म्हणून वाहिनीच्या अस्तरालाच चिकटणारे वेगळे रंग वापरले जातात, शिरांसाठी निराळे. पंधरा काचांतल्या एका काचेवर, एका वाहिनीत, चार पेशींचा पुंजका दिसला तरी रिपोर्टची दिशा बदलते.

या रिपोर्टवरून जपानी पद्धतीत रुग्ण अ, ब किंवा क गटात जातो. अ गट म्हणजे वर सांगितलेले अस्तरापुरते प्रकार, एकसंध निघालेले, कडा आणि तळ स्वच्छ, वाहिन्या मोकळ्या. ब गटात मऊ थरात अर्ध्या मिलिमीटरच्या आत शिरलेला, पण बाकी सगळे निर्दोष असलेला विभेदित कॅन्सर येतो. हा तोच 145 चा गट. अ आणि ब या दोघांनाही पुढे काही करायचे नसते, फक्त तपासण्या. क चे दोन भाग पडतात. विभेदित कॅन्सर असून केवळ बाजूची कड स्वच्छ नाही किंवा तुकडा एकसंध निघाला नाही, बाकी सर्व ठीक आहे, असा पहिला भाग. त्यात भीती त्याच जागी पुन्हा उगवण्याची असते, फैलावाची नव्हे. पुन्हा दुर्बिणीने काढता येते, जाळता येते किंवा बारकाईने लक्ष ठेवता येते. उरलेले सगळे क च्या दुसऱ्या भागात, आणि त्यांना ग्रंथींसह जठर काढण्याचा सल्ला दिला जातो.

इथे रुग्णाची खरी कोंडी होते. जठर काढलेच तर काढलेल्या ग्रंथींत बहुतेकदा काहीच सापडत नाही. जपानमध्ये हत्ता आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत, अपुऱ्या ठरलेल्या ईएसडीनंतर शस्त्रक्रिया झालेले 1101 रुग्ण होते. त्यांच्यापैकी दहातल्या नवाहून अधिकांच्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. म्हणजे त्यांच्यापुरती ती शस्त्रक्रिया नसती झाली तरी चालले असते, फक्त हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. या पाहणीतून धोक्याचे गुण मोजण्याची एक सोपी पद्धत निघाली. लसिकावाहिनीत शिरकाव असेल तर 3 गुण. आकार तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा, तळाच्या कडेला कॅन्सर, शिरेत शिरकाव, मऊ थरात अर्धा मिलिमीटर किंवा जास्त खोली, या प्रत्येकाला 1 गुण. एकूण 7. बेरीज 0 ते 1 असेल तर ग्रंथींत फैलाव असण्याची शक्यता 2.5 टक्के, 2 ते 4 असेल तर 6.7 टक्के, 5 ते 7 असेल तर 22.7 टक्के. लसिकावाहिनीला एकटीला तीन गुण का, हे वेगळे सांगायला नको. ग्रंथीकडे जाणारा रस्ताच तो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक रिपोर्ट घेता येईल. डाग अडीच सेंटिमीटर, खोली 700 मायक्रॉन, लसिकावाहिनीत शिरकाव आहे, शिरा मोकळ्या, तळ स्वच्छ. गुण 4, धोका मधल्या गटातला. रुग्ण अठ्ठावन्न वर्षांचा, धडधाकट असेल तर शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचे, कारण त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षे आहेत. तोच रिपोर्ट चौऱ्याऐंशी वर्षांच्या, हृदय कमकुवत असलेल्या आजोबांचा असेल तर हिशेब उलटतो. जठर गेल्यावर वजन उतरणे, अशक्तपणा, न्यूमोनिया यांचा धोका सात टक्क्यांच्या फैलावापेक्षा मोठा ठरू शकतो. त्याच पाहणीत ज्यांनी पुढची शस्त्रक्रिया करून घेतली नाही अशा 905 जणांचा मागोवा घेतला होता. पाच वर्षांत जठराच्या कॅन्सरने मृत्यू न आलेल्यांचे प्रमाण कमी धोक्याच्या गटात 99.6 टक्के, मधल्यात 96 टक्के आणि जास्त धोक्याच्या गटात 90.1 टक्के होते. हे आकडे धीर देणारे आहेत, तरी एक इशारा लक्षात ठेवावा लागतो. थांबून पाहू, फैलाव दिसला तर तेव्हा शस्त्रक्रिया करू, हा विचार सहसा साधत नाही. ग्रंथी किंवा यकृतात रोग दिसण्याइतका वाढतो तेव्हा तो काढून बरा करण्याची वेळ बहुतेकदा टळलेली असते. थांबायचे तर हे समजूनच.

कॅन्सरच्या गाठीला सुरी लागली की तो चवताळून पसरतो, ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे, आणि ईएसडीबद्दलही ती विचारली जाते. ईएसडीनंतर दुसरीकडे निघालेला कॅन्सर सुरीने पसरवलेला नसतो. तो ईएसडीच्या आधीच, मोजक्या पेशींच्या रूपात निसटलेला असतो आणि वाढायला वेळ लागल्यामुळे नंतर दिसतो. आधी ईएसडी आणि मग शस्त्रक्रिया झालेल्यांची गत थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा वाईट नसते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. थोडा वेगळा प्रश्न भोक पडण्याचा. सोलताना शेकड्यात मोजक्या रुग्णांच्या जठराला छिद्र पडते. ते बहुधा दुर्बिणीतूनच क्लिपा लावून बंद होते. त्या छिद्रातून कॅन्सरच्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडून तिथे रुजतील, ही शंका तज्ज्ञांनाही होती. अशा रुग्णांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर तसे होताना आढळलेले नाही. कॅन्सर पोटाच्या पोकळीत पसरतो तो भिंत आरपार पोखरून बाहेर आल्यावर, आणि प्राथमिक अवस्थेत तो तिथवर पोचलेलाच नसतो.

निसटलेल्या पेशींचे दोन मार्ग ठरलेले आहेत. लसिकेबरोबर गेल्या तर जठराभोवतालच्या ग्रंथींत. शिरेत शिरल्या तर जठराचे रक्त जिथे आधी जाते त्या यकृतात. ग्रंथी काढूनही यकृताचा धोका जात नाही, म्हणून शिरेतला शिरकाव हा गुणांत एकच असला तरी डॉक्टर त्याच्याकडे गांभीर्याने पाहतात.

यापलीकडे एक गोष्ट नेहमी फैलाव समजली जाते, ती फैलाव नसते. ईएसडीनंतर त्याच जठरात दुसऱ्या जागी नवा कॅन्सर निघणे. जठर वाचले याचा अर्थ ज्या अस्तरात पहिला कॅन्सर उगवला ते अस्तरही वाचले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने वर्षानुवर्षे सुजवून झिजवलेले ते अस्तर असते. हा जिवाणू ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवले आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. दुर्बिणीने कॅन्सर काढल्यावर हा जिवाणू औषधांनी घालवला तर काय होते, हे जपानमध्ये 544 रुग्णांवर तपासले गेले. तीन वर्षांत जिवाणू घालवलेल्या गटात 9 जणांना नवा कॅन्सर झाला, न घालवलेल्या गटात 24 जणांना. कोरियातल्या 2018 च्या अभ्यासात सुमारे सहा वर्षांच्या पाठपुराव्यात हे प्रमाण 7.2 टक्के आणि 13.4 टक्के आले. एका आठवड्याच्या गोळ्यांनी धोका निम्मा होतो, हे मोठेच यश. तरी उरलेला निम्मा छोटा नाही, आणि खऱ्या फैलावाच्या मानाने तर हा धोका कितीतरी मोठा आहे. नवा कॅन्सरही लवकर सापडला तर पुन्हा दुर्बिणीनेच निघतो. पण तो शोधत राहावा लागतो.

त्यामुळे पुढच्या तपासण्यांची आखणी दोन वेगळ्या शत्रूंना धरून असते. अ गटातल्यांची सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दुर्बिणीची तपासणी होते, ती नव्या कॅन्सरसाठी. ब गटातल्यांना त्याबरोबर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी करावी लागते, ती ग्रंथी आणि यकृतासाठी, कारण जठराच्या आतून पाहणाऱ्या दुर्बिणीला तिथले काही दिसत नाही. दरवर्षीची दुर्बीण स्वच्छ आली म्हणून सीटी टाळणे, ही वारंवार होणारी चूक आहे. आणि जिवाणू गेला म्हणून दुर्बीण बंद करणे, ही दुसरी.

जगात 2022 मध्ये जठराच्या कॅन्सरचे साडेनऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जपान आणि कोरियात तिथल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक प्राथमिक अवस्थेत सापडतात, ते ठरवून केलेल्या तपासण्यांमुळे. कोरियात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकासाठी दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे, जपानमध्ये पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बीण सुचवली जाते. भारतात असा कार्यक्रम नाही, आणि सरसकट तसा असावा असेही नाही. आपल्याकडे हा रोग मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. धुरी दिलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी यांच्याशी त्याचा संबंध लावला जातो. महाराष्ट्रात प्रमाण त्या मानाने बरेच कमी आहे. पण कमी म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही. पित्त वाढले म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या जातात. आम्ल कमी झाले की कॅन्सरच्या व्रणावरही तात्पुरते अस्तर चढू शकते, लक्षणे दबतात आणि दुर्बीण पडते ती वजन उतरल्यावर किंवा काळी शौचास झाल्यावर. तेव्हा ईएसडीचा विषयच उरलेला नसतो. मुंबई, हैदराबादसारख्या शहरांतल्या निवडक केंद्रांत ईएसडी आता होते. तिथे जाणाऱ्याने डॉक्टरच्या हातासोबत पॅथॉलॉजीचीही चौकशी करावी. तुकडा टाचून पाठवतात का, पट्ट्या किती रुंदीच्या कापतात, रिपोर्टमध्ये खोली मायक्रॉनमध्ये लिहितात का आणि लसिकावाहिनी व शिरांचा वेगळा उल्लेख असतो का, हे चार प्रश्न पुरेत. खोलीच्या जागी नुसते ‘सबम्युकोसात शिरकाव आहे’ असे लिहून आले, तर अ-ब-क ठरवायचे कशावरून, हे विचारण्यासाठी काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. त्या बहुतेक ठिकाणी जपून ठेवलेल्या असतात आणि मागितल्यावर मिळतात.